वाळूत पाया घालणारा अभियंता : सर आर्थर कॉटन

ब्रह्मगिरीवर उगम पावलेली गोदावरी नाशिक, पैठण, नांदेड अशी तीर्थे मागे टाकत तेलंगणात उतरते आणि सुमारे १,४६५ किलोमीटरांचा प्रवास करून आंध्र प्रदेशात समुद्राला मिळते. तिचे वरचे अंग मराठी माणसाच्या नित्य परिचयाचे आहे. तिथे घाट आहेत, कुंभमेळा आहे, संतांच्या समाध्या आहेत. राजमहेंद्रीच्या खाली मात्र तिचे रूप पालटते. पात्र कित्येक किलोमीटर रुंद होते, नदीला फाटे फुटतात आणि दोन्ही बाजूंना नजर पोचेल तिथवर भाताची हिरवी खाचरे पसरतात. या मुलखात गावोगावी एका इंग्रजाचे पुतळे उभे आहेत. परकीय सत्तेचा अधिकारी असूनही ज्याचे पुतळे स्वातंत्र्यानंतर हटवले गेले नाहीत, उलट नव्याने उभारले गेले, असा हा दुर्मीळ माणूस. त्याचे नाव सर आर्थर थॉमस कॉटन. तेलुगू शेतकरी त्यांना आजही आदराने कॉटन दोरा म्हणतात. दोरा म्हणजे साहेब.

आर्थर कॉटन यांचा जन्म १५ मे १८०३ रोजी इंग्लंडमध्ये झाला. मोठ्या कुटुंबातील अनेक भावांपैकी ते एक होते. पंधराव्या वर्षी ते ईस्ट इंडिया कंपनीच्या अ‍ॅडिस्कोम्ब येथील लष्करी विद्यालयात दाखल झाले, १८१९ मध्ये त्यांची मद्रास इंजिनिअर्समध्ये नेमणूक झाली आणि १८२१ मध्ये ते मद्रासला पोचले. आरंभीच्या कामांत भारत आणि श्रीलंका यांच्यामधील पांबनच्या सामुद्रधुनीची पाहणी होती. गाळ आणि खडक यांनी अडवलेल्या त्या पाण्यातून गलबतांना वाट कशी काढून द्यावी, हा प्रश्न त्यांच्यापुढे होता. पाण्याची वाहतूक हा विषय असा नोकरीच्या पहिल्याच वर्षांत त्यांच्या मनात शिरला आणि पुढे आयुष्यभर सुटला नाही. १८२४ साली पेटलेल्या पहिल्या ब्रह्मी युद्धातही त्यांनी भाग घेतला. परंतु त्यांची खरी शाळा भरली ती कावेरीच्या तीरावर.

त्रिचनापल्लीजवळ श्रीरंगमच्या बेटापाशी कावेरी दोन फाट्यांत विभागते. उत्तरेकडचा फाटा कोळ्ळिडम, दक्षिणेकडचा कावेरी. तंजावरची शेती कावेरीच्या फाट्यावर अवलंबून होती, पण कोळ्ळिडमचा उतार अधिक असल्याने पाणी वर्षागणिक तिकडे ओढले जाऊ लागले आणि कावेरीचे पात्र गाळाने भरत चालले. सरफोजी राजांच्या भोसले घराण्यामुळे मराठी माणसाला जवळच्या असलेल्या त्या तंजावर प्रांताचे अन्न धोक्यात आले होते. त्याच परिसरात चोळ राजा करिकाल याच्या नावाने ओळखला जाणारा कल्लणै हा प्राचीन बंधारा शतकानुशतके नदीशी झुंजत उभा होता. कॉटन यांनी त्याचे बारकाईने निरीक्षण केले. वाळूच्या पात्रात खडक लागेपर्यंत खोदत न बसता दगड टाकत जायचे, ते वाळूत रुततात, त्यांवर आणखी दगड टाकायचे आणि पुढे रुतणे थांबले की त्यावर बांधकाम उभारायचे, ही त्या जुन्या कारागिरांची युक्ती त्यांनी ओळखली. युरोपीय अभियंत्यांना अशक्य वाटणारे काम अनाम तमिळ गवंड्यांनी करून दाखवले आहे, हे मान्य करण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. हे ऋण त्यांनी पुढे जाहीरपणे नोंदवले.

या अभ्यासाच्या आधारावर १८३६ मध्ये कोळ्ळिडमवर दोन बंधारे उभे राहिले. वरच्या बंधाऱ्याने पाण्याची पातळी उंचावून ते कावेरीकडे वळवले आणि खालच्या बंधाऱ्याने वाहून जाणारे पाणी शेतांकडे फिरवले. तंजावरची शेती सावरली. मात्र नदीने लगेच आपला स्वभाव दाखवला. आता कावेरीत गरजेहून अधिक पाणी शिरू लागले आणि काही वर्षांतच वरच्या बंधाऱ्याचा मधला भाग खाली घ्यावा लागला. नदीला एकदा हात लावला की ती सतत सांभाळावी लागते, हा धडा इथे मिळाला. त्याच सुमारास मद्रासजवळ रेड हिल्स येथून रस्त्यांसाठी दगड वाहून आणण्याकरिता लोखंडी रूळ टाकले गेले. त्या कामामागेही कॉटनच होते. मुंबई-ठाणे आगगाडी धावण्याच्या सोळा वर्षे आधी, १८३७ मध्ये, भारतात रुळांवरून वाहतूक सुरू करणारा हा माणूस पुढे रेल्वेचा सर्वांत कडवा टीकाकार ठरावा, हा योगायोग विलक्षण म्हणावा लागेल.

गोदावरीच्या मुखाशी त्या काळी हलाखीची अवस्था होती. नदीला पूर यायचा तेव्हा पिके वाहून जायची आणि पूर ओसरला की तेच पाणी डोळ्यांदेखत समुद्राला मिळायचे, शेते कोरडी राहायची. १८३३ चा भीषण दुष्काळ शेजारच्या गुंटूर भागात लाखाहून अधिक माणसे घेऊन गेला. १८३९ च्या नोव्हेंबरात कोरिंगा बंदरावर चक्रीवादळ आणि समुद्राची लाट कोसळली. राजमहेंद्री जिल्ह्याची लोकसंख्या १८२१ मध्ये सात लाखांच्या वर होती, ती वीस वर्षांत साडेपाच लाखांच्या आसपास आली. माणसे मेली, उरलेली गाव सोडून गेली. कंपनी सरकारचा सारा बुडू लागला तेव्हा कुठे सरकारला जाग आली. कॉटन यांना पाहणीसाठी धाडण्यात आले. तंजावर आणि राजमहेंद्री या दोन त्रिभुज प्रदेशांची जमीन सारखीच सुपीक, मग एकाची भरभराट आणि दुसऱ्याची धूळधाण का, असा प्रश्न मांडून त्यांनी त्याचे उत्तर एका शब्दात दिले. ते उत्तर म्हणजे बंधारा.

१८४६ च्या अखेरीस लंडनहून मंजुरी आली आणि १८४७ मध्ये धवळेश्वरम येथे काम सुरू झाले. इथे पात्र दोन्ही काठांमध्ये सुमारे सहा किलोमीटर रुंद, पण मध्ये बेटे असल्यामुळे बंधारा चार तुकड्यांत बांधता येण्याजोगा होता. धवळेश्वरम, रळ्ळी, मद्दूर आणि विज्जेश्वरम ही त्या चार भागांची नावे. सगळे मिळून साडेतीन किलोमीटरांहून लांब दगडी बांधकाम, तेही वाळूच्या तळावर. वाळूत विटांच्या विहिरी उतरवून त्या भरून काढायच्या, त्यांवर सुमारे बारा फूट उंचीची भिंत उभारायची आणि भिंतीवरून पडणाऱ्या पाण्याने पायथा पोखरू नये म्हणून खालच्या अंगाला सैल दगडांचा लांबच लांब उतार पसरायचा, अशी ही रचना होती. कल्लणैचा धडा इथे मोठ्या प्रमाणावर गिरवला गेला. धवळेश्वरमच्या टेकडीतून दगड काढून तो रुळांवरून आणि नावांतून पात्रात आणला जाई. पुरापूर्वी जे काम पुरे होईल तेवढेच टिकणार, बाकीचे नदी घेऊन जाणार, अशी दरवर्षीची शर्यत होती.

हजारो मजूर या कामावर राबत होते. त्यांना जमवणे, टिकवणे आणि त्यांच्याकडून काम करून घेणे ही जबाबदारी प्रामुख्याने वीणम वीरण्णा या तेलुगू अधिकाऱ्याने पेलली. कॉटन यांनी त्यांच्या वाट्याचे श्रेय उघडपणे दिले आणि सरकारने पुढे त्यांना रायबहादूर केले. १८४८ मध्ये उन्हाने आणि तापाने खचलेल्या कॉटन यांना रजेवर जावे लागले, तेव्हा कॅप्टन चार्ल्स ऑर यांनी काम पुढे नेले. १८५२ मध्ये बंधारा पूर्ण झाला. ऑर यांनीच पुढे बेजवाड्याजवळ, म्हणजे आजच्या विजयवाड्याजवळ, कृष्णेवरचा बंधारा उभा केला. तरुण अभियंते एफ. टी. हेग यांनी नदीच्या एका फाट्यावरून कालवा पलीकडे नेणारा ४९ कमानींचा गन्नवरम जलसेतू बांधला. या माणसांशिवाय कॉटन यांची कथा अपुरी राहते.

कॉटन यांच्या दृष्टीने कालवा हा केवळ पाटाचे पाणी देणारा नव्हता. ज्या पाण्याने भात पिकतो त्याच पाण्याने तो भात बाजारात पोचला पाहिजे, अशी त्यांची धारणा होती. म्हणून धवळेश्वरमच्या कालव्यांवर जिथे जिथे पाण्याची पातळी बदलते तिथे तिथे जलपाश, ज्यांना बोलीभाषेत लॉक म्हणतात, ते बांधले गेले. दगडी भिंतींची एक अरुंद कोठी, तिला दोन्ही टोकांना भक्कम दारे. खालून आलेली नाव कोठीत शिरली की मागचे दार मिटायचे, वरच्या अंगाचे पाणी आत सोडायचे, नाव पाण्याबरोबर हळूहळू उचलली जायची आणि दोन्हीकडची पातळी सारखी झाली की पुढचे दार उघडायचे. ना इंधन, ना यंत्र, काम सारे पाण्याच्याच वजनाने. कालव्याच्या काठावरून दोर ओढणारी माणसे टनावारी माल नेऊ लागली. गोदावरीचे कालवे एलुरूमार्गे कृष्णेच्या कालव्यांना जोडले गेले, कृष्णेचे कालवे पुढे दक्षिणेकडे मद्रासला जाणाऱ्या किनारी कालव्याला मिळाले. १८७८ पासून बकिंगहॅम कालवा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या जलमार्गाने काकीनाड्याची नाव समुद्रात न उतरता मद्रासपर्यंत जाऊ शकत होती.

या यशाने कॉटन यांच्या मनात मोठे स्वप्न रुजले. मराठी मुलखाचा या कथेशी खरा संबंध जुळतो तो इथे. वऱ्हाड आणि नागपूर प्रांतातील कापूस, विशेषतः नावाजलेला हिंगणघाटचा कापूस, तेव्हा बैलांच्या पाठीवरून आणि गाड्यांतून शेकडो मैलांचा खडतर प्रवास करून बंदरावर जात असे. वाटेत धूळ, पाऊस, चोरी, मेलेले बैल. वर्धा आणि वैनगंगा यांच्या संगमातून प्राणहिता होते, प्राणहिता सिरोंचापाशी गोदावरीला मिळते आणि गोदावरी धवळेश्वरमला पोचते. मग हा कापूस पाण्यावरूनच समुद्रापर्यंत का नेऊ नये? आडनावातच कापूस असलेल्या या अभियंत्याने नागपूर आणि बंगालचा उपसागर यांना जोडणाऱ्या जलमार्गाची योजना मांडली. १८६० मध्ये निजामाकडून गोदावरीकाठचे तालुके इंग्रजांकडे आले आणि सिरोंचा हे अप्पर गोदावरी जिल्ह्याचे मुख्य ठाणे झाले. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ नंतर लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला तेव्हा या योजनेला विलायतेतून जोर चढला.

प्रत्यक्ष नदी मात्र नकाशावरच्या रेषेइतकी सोपी नव्हती. त्रिभुज प्रदेशात गोदावरी वाळूवरून सावकाश वाहते, वरच्या अंगाला ती खडकांतून उसळते. भद्राचलमच्या वर दुम्मुगुडेम येथे पहिला खडकाळ अडथळा, त्यावर इंचमपल्ली येथे दुसरा आणि त्याच्याही वर प्राणहितेच्या पात्रात तिसरा. प्रत्येक ठिकाणी बंधारा, बाजूने कालवा आणि जलपाश बांधून नावा वर चढवण्याची कल्पना होती. या कामाची धुरा हेग यांच्याकडे आली. दाट जंगल, विरळ वस्ती आणि मजुरांच्या मुक्कामात शिरणारा हिवताप यांनी काम पुन्हा पुन्हा अडवले. मजूर बाहेरून आणायचे, त्यांचे धान्यही बाहेरून आणायचे आणि ते आजारी पडले की सारे काम ठप्प. त्यात नदीत नावा चालण्याजोगे पाणी वर्षातले काही महिनेच असे. उन्हाळ्यात, जेव्हा कापसाच्या गाठी निघायच्या, तेव्हा वरच्या पात्रात खडक उघडे पडत.

शेवटचा घाव मात्र रुळांनी घातला. १८६७ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे भुसावळमार्गे नागपूरला पोचली. मुंबई बंदर वऱ्हाडच्या कापसाला काही दिवसांच्या अंतरावर आले. अमेरिकेतील युद्धही तोवर संपले होते. १८७१ मध्ये अप्पर गोदावरीच्या जलमार्गाचे काम थांबवण्यात आले. दुम्मुगुडेमचा बंधारा आणि जलपाश उभे राहिले, पण ज्या कापसासाठी ते बांधले तो त्यांच्या दारातून कधीच मोठ्या प्रमाणावर गेला नाही. नागपूर, वर्धा, हिंगणघाट यांचा व्यापार कायमचा मुंबईकडे वळला. नदी निवडली गेली असती तर विदर्भाचे बंदर काकीनाडा झाले असते, मुंबई झाले नसते.

कॉटन यांच्या कल्पनेतून निघालेल्या इतर योजनांनाही असेच चढउतार पाहावे लागले. तुंगभद्रेवरून कर्नूल ते कडप्पा जाणारा कालवा एका खासगी कंपनीने खोदला, सिंचन आणि नौकानयन दोन्हींसाठी. तो तोट्यात गेला आणि १८८२ मध्ये सरकारला विकत घ्यावा लागला. त्याचे एक कारण दख्खनच्या शेतकऱ्याला सहज समजेल. काळी माती पाणी धरून ठेवते, तिच्यात ज्वारी पावसाच्या ओलीवर येते, आणि पट्टी भरून कालव्याचे पाणी घेणे बऱ्या वर्षात कोणाला परवडत नसे. भाताच्या गोदावरीत जे सूत्र चालले ते ज्वारीच्या कर्नूलला जसेच्या तसे लागू पडले नाही. कॉटन यांच्या विचारातली ही उणीव होती. पाण्याचा हिशेब ते अचूक मांडत, परंतु जमिनीचा पोत आणि शेतकऱ्याचा हिशेब प्रत्येक ठिकाणी वेगळा असतो हे त्यांच्या उत्साहात झाकले जाई. गंगेच्या कालव्याचे निर्माते प्रोबी कॉटली यांच्याशी त्यांनी घातलेला जाहीर वादही त्यांच्या आग्रही स्वभावाचाच भाग होता.

१८६१ मध्ये त्यांना सर ही पदवी मिळाली. निवृत्तीनंतर इंग्लंडमध्ये राहूनही त्यांनी भारताच्या पाण्याचा प्रश्न सोडला नाही. साऱ्या देशाच्या नद्या नौकानयनाच्या कालव्यांनी जोडाव्यात, रेल्वेवर उधळला जाणारा पैसा पाण्यावर खर्चावा, असा त्यांचा धोशा चालू राहिला. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्यासारख्या व्यक्ती त्यांच्या बाजूने उभ्या राहिल्या. १८७६ ते १८७८ या वर्षांत मद्रास, म्हैसूर, निजामाचे राज्य आणि मुंबई इलाख्याचा दख्खन भाग भयंकर दुष्काळात होरपळला. सोलापूर, विजापूर, बेळगाव, धारवाड हा सीमाभागही त्यात सापडला. मृतांचा आकडा पन्नास लाखांच्या पुढे गेला असे मानले जाते. गोदावरी आणि कृष्णेच्या त्रिभुज प्रदेशांत मात्र त्या काळातही भात पिकत होता. ज्या भूमीत चाळीस वर्षांपूर्वी माणसे अन्नावाचून मेली, तीच आता दुसऱ्यांना धान्य देत होती. १८७८ मध्ये ब्रिटिश संसदेच्या निवड समितीपुढे पंचाहत्तर वर्षांचे कॉटन साक्षीला उभे राहिले. समितीतील अनेकांना त्यांचे म्हणणे वेड वाटले. कालव्यांचे खर्च आणि तोट्यात गेलेल्या कंपन्या त्यांच्यापुढे मांडल्या गेल्या. त्यांनी धवळेश्वरम पुढे केले. निर्णय रेल्वेच्या बाजूने झाला.

त्यांचा सगळा युक्तिवाद साम्राज्याच्या चौकटीतला होता, हेही विसरून चालत नाही. पाण्याने सारा वाढतो, व्यापार वाढतो, गिरण्यांना कापूस मिळतो, ही भाषा सरकारला पटवण्यासाठी त्यांनी सतत वापरली आणि तिच्यावर त्यांचा विश्वासही होता. कालव्याची पट्टी भरणारा शेतकरी आणि बंधाऱ्यावर दगड वाहणारा मजूर यांच्या वाट्याला त्या वाढीतले किती आले, हा प्रश्न वेगळाच राहिला. तरीही दुष्काळ ही देवाची करणी नसून सरकारच्या दुर्लक्षाचे फळ आहे, असे राज्यकर्त्यांच्याच पंगतीत बसून सांगणारे थोडे होते. कॉटन त्यांपैकी एक होते, आणि त्यामुळेच त्यांची बढती आणि लोकप्रियता दोन्ही मोजूनमापून राहिली.

उतारवयात ते सरे परगण्यातील डॉर्किंग येथे राहत. तिथे खोल मशागत करून गव्हाचे उत्पन्न वाढवण्याचे प्रयोग ते स्वतः करत असत. जुलै १८९९ मध्ये वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांची कन्या लेडी होप यांनी लिहिलेले चरित्र पुढच्याच वर्षी प्रसिद्ध झाले.

धवळेश्वरमच्या जुन्या बंधाऱ्याने शंभराहून अधिक वर्षे पूर झेलले. त्याच्या जागी उभारलेले नवे बॅरेज १९८२ मध्ये पूर्ण झाले आणि त्याला कॉटन यांचेच नाव देण्यात आले. शेजारी त्यांचे संग्रहालय आहे. राजमहेंद्रीच्या घाटावर स्नानाच्या संकल्पात पुरोहित त्यांचे नाव घेत, अशी आख्यायिकाही त्या भागात सांगितली जाते. होसपेटजवळ तुंगभद्रेवर मोठे धरण बांधण्याची जी कल्पना त्यांच्या काळात कागदावर राहिली, ती १९५३ मध्ये प्रत्यक्षात आली. काकीनाडा ते पुदुच्चेरी या जुन्या कालव्यांना आणि भद्राचलमपासून राजमहेंद्रीपर्यंतच्या गोदावरीला २००८ मध्ये राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ४ म्हणून घोषित करण्यात आले. मात्र लॉकच्या दारांमधून जाणाऱ्या नावांचे दिवस तोवर केव्हाच सरले होते.

सिरोंचाच्या परिसरात गोदावरी पुन्हा एकदा अडवली गेली ती अलीकडे, मेडिगड्डा येथे. तेलंगणाच्या काळेश्वरम प्रकल्पातील हे बॅरेज २०१९ मध्ये कार्यान्वित झाले आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याचे काही खांब खचले. गोदावरीच्या पात्रात पाया कसा घालावा, हा कल्लणैच्या गवंड्यांनी आणि कॉटन यांनी सोडवलेला प्रश्न यंत्रांच्या युगातही संपलेला नाही. तिथून खाली उतरत गेले की दुम्मुगुडेमचा जुना बंधारा अजून पात्रात दिसतो. त्यावरून गोदावरीचे पाणी वाहत पुढे धवळेश्वरमला जाते आणि तिथून कालव्यांनी कोनसीमेच्या भातखाचरांत शिरते.